पोरांना विचारलं कुणी?

विडीचं तोंड मिटायला लहान बोटं बरी पडतात. पान वळून दोरा गुंडाळून झाला की पुढची कड आत दुमडायची असते, आणि मोठ्या माणसाच्या बोटापेक्षा सात-आठ वर्षांच्या पोराचं नख तिथं झटकन शिरतं. निपाणीत आमच्या गल्लीत हे काम पोरांचंच होतं. आई सूप मांडीवर घेऊन वळायची, थोरली बहीण पत्र्याचा साचा ठेवून कातरीनं पानं कापायची आणि मी तोंडं मिटायची. रात्री गोणपाटात भिजत घातलेल्या पानांचा ओला वास आणि तंबाखूचा खकाणा घरात कायम. हात कितीही धुतले तरी भाकरी कडवट लागायची, आणि भाकरीची चव अशीच असते असं आम्हांला वाटायचं. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे, संध्याकाळी ठेकेदाराकडं नेऊन द्यायचे. तिथला तपासनीस मूठभर विड्या बाजूला सारायचा. ती छाट; तिचे पैसे नाहीत. कामाच्या कार्डावर नाव एकट्या आईचं.

याला मजुरी म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नसे. पोर घरचं, काम घरात, आई शेजारी बसलेली. गल्लीत एका घरी पाच मुली होत्या, तर बाया म्हणायच्या, "त्यांचं बरं हाय, दहा हात हाईत." मूल झालं की खाणारं एक तोंड वाढतं आणि थोड्याच वर्षांत राबणारे दोन हात वाढतात, हा हिशेब सगळ्यांना पाठ होता. माया नव्हती असं मात्र कुणी समजू नये. कातरीनं बहिणीच्या बोटाला घट्टा पडला होता, त्यावर आई रोज रात्री खोबरेल चोळायची. चोळताना काही बोलायची नाही. सकाळी तीच कातर तिच्या हातात द्यायची.

विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला. कारखान्यात मुलांना कामाला लावायची बंदी झाली, कामाचे तास, रजा, सोयी ठरल्या. मग कारखान्यातलं काम हळूहळू घराघरांत गेलं. पानं आणि तंबाखू तोलून द्यायचा, विड्या मोजून घ्यायच्या, मधलं सगळं ठेकेदारानं बघायचं. पुढं 1986 चा बालकामगार कायदा आला. त्याच्या बंदीच्या यादीत विडी वळणं होतं, पण घरच्यांनी घरच्यांच्या मदतीनं केलेल्या कामाला सूट होती. कायदा उंबऱ्यापाशी थांबला आणि पोरं उंबऱ्याच्या आत बसलेली होती. 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला सरसकट बंदी आली, तरी धोक्याची कामं सोडून घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत हात लावायची वाट ठेवलीच. विडी घरात आली ती गरिबीमुळं, हे खरं. ती घरात येणं कुणाच्या तरी फार सोयीचं होतं, हेही तितकंच खरं आहे आणि ते लिहून ठेवलं पाहिजे.

निपाणीहून कोल्हापूरकडं निघालं की वीसेक किलोमीटरवर कागल लागतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सुरुवातीचं शिक्षण कागलात झालं. शाहू महाराजांचा जन्म कागलच्याच घाटगे घराण्यातला. गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये आपल्या संस्थानात ते करून दाखवलं. शिक्षण मोफत आणि सक्तीचं, आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. हा दंड मला फार मोठा वाटतो. पोराच्या दिवसावर पहिला हक्क घरच्या गरजेचा, ही आपल्याकडची हजारो वर्षांची समजूत एका राजानं एक रुपयाच्या दंडानं मोडायला घेतली. निपाणी मात्र त्या हद्दीबाहेर, इंग्रजी मुलखातल्या बेळगाव जिल्ह्यात. आमच्याकडं निपाणीला कन्नड राज्यात टाकणाऱ्या 1956 च्या सीमेबद्दल घरोघर बोललं जातं, आणि बोललं गेलंच पाहिजे. पण एका बाजूला शाळेत गेलेलं पोर आणि दुसऱ्या बाजूला न गेलेलं, अशी एक सीमा त्याच्याही आधी इथून गेली होती. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझी बहीण चौथीनंतर घरी बसली. मी पुढं शिकले, शिक्षिका झाले. आम्हा दोघींत हुशारीचा फरक नव्हता. असलाच तर तिच्या बाजूनं होता. फरक पडला तो वेळेचा. 1980 च्या सुमारास प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकारानं तंबाखूच्या वखारींतल्या बायांची संघटना उभी राहिली, चिकोडी तालुका कामगार महासंघ. वखारीत दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या, खोकत घरी येणाऱ्या बाया मजुरीसाठी, कामाच्या तासांसाठी आणि माणसासारखं वागवलं जावं म्हणून रस्त्यावर आल्या. छाया दातारांनी या बायांच्या लढ्यावर पुस्तक लिहिलं, ते 1989 साली निघालं. अनिल अवचटांनीही त्यांच्यावर लिहिलं आहे. आणि आमच्याच गावात पिठाची गिरणी चालवत लिहिणारे महादेव मोरे तर आयुष्यभर याच माणसांबद्दल लिहीत राहिले. माझी मावशी वखारीत होती. तिची मजुरी वाढली आणि माझ्या शाळेचा खर्च निघाला, इतका तो सरळ संबंध. मुलं शाळेत का येत नाहीत यावर पुढं नोकरीत असताना मी बरीच प्रशिक्षणं ऐकली. पालकांमध्ये जागृती हवी, असं प्रत्येक ठिकाणी सांगायचे. आईची मजुरी वाढवा, असं सांगणारं कुणी भेटलं नाही.

मध्यंतरी एकदा बहिणीला मी विचारलं, तुला तेव्हा काय वाटलं होतं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "वाटायचं काय? मला कुणी इचारलंच न्हाई. म्हशीला इचारतात व्हय, आज दूध देतीस का म्हणून?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून मला ते जास्त लागलं.

विचारलं नाही, हेच खरं तर सगळ्याचं मूळ आहे. याहून कठोर रूप त्याचं इथंच, सौंदत्तीच्या डोंगराच्या वाटेवर दिसतं. पोरीच्या केसांत जट आली की देवीचं बोलावणं आलं म्हणायचं. जट होते न विंचरल्यानं, न धुतल्यानं. पण एकदा देवीचं नाव घेतलं की कंगवा लावायची कुणाची छाती? घरात सतत आजारपण, मुलगा नाही, देणं फिटत नाही, अशा कुठल्याही कारणानं पोरगी यल्लम्माला सोडली जायची. यात श्रद्धा होती, आणि हिशेबही होता. सोडलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जात नाही. ती आईबापाजवळ राहते, कमावून आणते, म्हातारपणी सांभाळते. मुलगा नसलेल्या घरात ती मुलाची जागा भरून काढते. कित्येक ठिकाणी वारसही तीच. म्हणजे एका लहान मुलीच्या देहावर घरानं म्हातारपणाची तरतूद केली. 1934 मध्ये मुंबई इलाख्यात आणि 1982 मध्ये कर्नाटकात याविरुद्ध कायदे झाले. गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात कार्यकर्त्यांनी जटा कापल्या, परिषदा घेतल्या, सोडलेल्या बायांना उभं केलं. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या वर्गात अशा बायांची मुलं होती. दाखल्यावरच्या वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी आले की त्या आया खाली बघायच्या आणि पोरं आयांकडं बघायची. सहा वर्षांच्या पोराला तो रकाना कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या पोरांचे डोळे बघितलेले नाहीत.

हे सगळं मागं पडत चाललं आहे, आणि मला त्याचं मनापासून समाधान आहे. जुनं बरं होतं, पोरांना कष्टाची सवय होती, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. ज्यांची बोटं त्या पानांत गेली नाहीत त्यांना ते बरं वाटतं.

आता आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बाया थोड्या उरल्या आहेत, त्याही उतारवयाच्या. त्यांची नातवंडं त्या सुपाला हात लावत नाहीत. एका घरी मी बघितलं, नातू नुसता जवळ येऊन बसला तर आजी ओरडली, "ऊठ हितनं, अभ्यासाला बस." एका पिढीत एवढा पालट झाला. अमेरिकेत असाच पालट साधारण 1870 ते 1930 या काळात झाला, असं विवियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1985 साली पुस्तक लिहून दाखवलं. कमावतं मूल गेलं आणि त्याच्या जागी ज्याचं मोल करता येत नाही असं मूल आलं, असं त्यांचं म्हणणं आहे. आमच्याकडं ते जरा वेगळं झालं. मूल अनमोल झालं, पण त्याच्यावर घराची भिस्त होती ती तशीच राहिली. आधी ती आजच्या हजार विड्यांवर होती, आता दहा वर्षांनंतरच्या नोकरीवर आहे.

चिकोडी-निपाणी भागात चौथी-पाचवीच्या पोरांना नवोदय, सैनिक शाळा, मोरारजी देसाई वसतिशाळा यांच्या प्रवेश परीक्षांसाठी शिकवण्यांना घालतात. नवोदय आमच्याच तालुक्यांच्या टापूत, कोथळीला आहे, त्यामुळं ती तर डोळ्यांसमोरची. तिथं प्रवेश मागितला तर काय वाईट? सरकारी खर्चानं उत्तम शिक्षण मिळतं, आणि गरिबाच्या पोराला ते मिळालंच पाहिजे. पण काही पालक त्यासाठी नऊ वर्षांच्या पोराला वर्षभर घराबाहेर, शिकवणीच्या वसतिगृहात ठेवतात. माझ्याकडं शिकलेल्या एकाची बायको सांगत होती, पोरगा फोनवर रडत नाही, फक्त म्हणतो, "आई, मला किती मार्क पडले तर तू घरी नेशील?" तिनं हे कौतुकानं सांगायला सुरुवात केली होती आणि सांगता सांगता तिचाच आवाज बदलला. जागा थोड्या, मुलं फार. ज्यांना जागा मिळत नाही त्यांतली काही मुलं दहाव्या वर्षीच आपण घराला तोट्यात घातलं असं धरून बसतात.

आणि सीमाभागात पोरांवर आणखी एक काम येऊन पडलं आहे, त्याची नोंद मला कुठंच दिसत नाही. इथली म्हातारी माणसं मराठी शाळेत शिकलेली, किंवा शिकलेलीच नाहीत. सरकारी कागद कन्नडात येतो. जमिनीच्या पहाणीला अजून उतारा म्हणणारी ही माणसं तो हातात धरून उभी राहतात, आणि घरात कन्नड वाचता येतं ते शाळेत जाणाऱ्या नातवाला. मग तो त्यांच्याबरोबर कचेरीत, बँकेत, दवाखान्यात. माझ्या शेजारचे एक आज्जा असेच सहावीतल्या नातवाला घेऊन ओट्यावर बसले होते. सोसायटीची नोटीस आली होती. पोरगं बोट ठेवून वाचत होतं, एकेक ओळ मराठीत सांगत होतं. नाव बरोबर, गट नंबर बरोबर. मग आकडा आला. पोरानं आकडा मनातल्या मनात वाचला, आज्जांकडं बघितलं, रस्त्यावर कुणी आहे का बघितलं आणि मग अगदी हळू आवाजात सांगितलं. आज्जांवर कर्ज आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचं नसतं हेही त्यालाच कळलं; तसं कुणी शिकवलं नव्हतं. अकरा वर्षांच्या पोरानं घराची अब्रू राखली. त्या दिवसापासून तो दुकानातून काही मागत नाही, असं त्याची आई म्हणाली.

हे काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्या पोराला घरात मान आहे. आज्जा त्याला "आमचं वकील" म्हणतात, आणि तो छाती काढून चालतो. आपण घराच्या उपयोगी पडतो ही जाणीव पोराला लागतेच. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत कमवा आणि शिका सुरू केलं तेव्हा त्यांना हे नीट माहीत होतं. तिथं पोरगं आपल्याच शिक्षणासाठी राबत होतं. माझ्या बहिणीच्या कातरीत आणि रयतच्या पोराच्या कुदळीत अंतर आहे ते हेच. घाम कुणाच्या वाढीसाठी गळतो, ते बघावं. नातवानं आज्जांचा कागद वाचावा, जरूर वाचावा. पण कागद मराठीतही द्यायची जबाबदारी ज्यांची आहे ती त्यांनी पार पाडली असती, तर त्या पोराच्या वाट्याला तो आकडा त्या वयात आला नसता.

भाषेच्या भांडणात तर पोरांना कायम पुढं केलं गेलं. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत लहान पोरं असतात, मीही बापाच्या खांद्यावर बसून गेले आहे, आणि सीमाभाग महाराष्ट्रात यावा या तिथल्या मागणीवर माझा आजही विश्वास आहे. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध बेळगाव पेटलं, गोळीबारात माणसं गेली. वाद सगळा पोरांनी काय शिकायचं याचाच होता. 6 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकारला लादता येणार नाही. माध्यम निवडायचं स्वातंत्र्य मुलाचं, आणि मुलाच्या वतीनं आईबापाचं किंवा पालकाचं. 2015 मध्ये कर्नाटकानं सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं करणारा कायदा केला. सरकार बोललं, महाराष्ट्र एकीकरण समिती बोलली, न्यायालय बोललं, आईबापांनी इंग्रजी शाळेची वाट धरली आणि मराठी शाळांचे पट घटत गेले. हक्क मुलाचा, असं न्यायालयानं आधी म्हटलं होतं, ते एवढ्या गलक्यात कुणाच्या लक्षात राहिलं? मी चौथीच्या वर्गाला एकदा विचारलं होतं, तुम्हांला कुठल्या भाषेत शिकायला आवडतं? एक मुलगी म्हणाली, "गणित मराठीत, गाणी कन्नडात, आणि आईसमोर इंग्लिश." तीन भाषा त्या पोरीच्या तोंडात गुण्यागोविंदानं नांदत होत्या.

मुलांना विचारायची एक जागा कर्नाटकात आहे. 1990 च्या आसपास इथं काम करणाऱ्या मुलांनी स्वतःचीच संघटना बांधली, भीमा संघ. काम करणारी पोरं आपली गाऱ्हाणी आपण मांडू लागली, गावाच्या कारभाराबद्दल बोलू लागली. त्या वातावरणातून पुढं 2006 पासून कर्नाटक सरकारनं प्रत्येक ग्रामपंचायतीला मुलांची ग्रामसभा, मक्कळ ग्रामसभा, घ्यायला सांगितलं. वर्षातून एकदा गावातल्या मुलांनी पंचायतीसमोर बोलायचं आणि पंचायतीनं ऐकून उत्तर द्यायचं. पुष्कळ ठिकाणी ती फोटोपुरती होते. खुर्च्या मांडतात, पाहुण्यांची भाषणं होतात, पोरांना बिस्किटं देतात आणि सभा संपते.

पण निपाणीजवळच्या एका गावात मी वेगळी सभा बघितली. सातवीतली मुलगी उभी राहिली. तिनं मराठीत सांगितलं की गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढं निपाणीला जावं लागतं. शाळा सुटल्यावर पहिली बस चुकली की पुढची येते अंधार पडल्यावर, म्हणून घरचे पोरींना आठवीला घालत नाहीत. मधे एक बस द्या. पंचायतीतल्या साहेबांनी मान हलवली आणि वहीत कन्नडात एक ओळ लिहिली. सगळ्यांना वाटलं झालं. ती मुलगी खाली बसली नाही. "सर, वही बघू का?" म्हणाली. त्यांनी हसून दिली. तिनं ओळ वाचली. "ह्यात बसची सोय करावी एवढंच हाय, सर. पोरींची शाळा सुटत्या, हे मी सांगितलेलं लिहिलेलं न्हाई." सभा गप्प झाली. साहेबांनी वही परत घेतली, पुन्हा लिहिलं आणि या वेळी स्वतःहून वाचून दाखवलं. तिची आई दारात उभी होती, पदर तोंडावर धरून. बस पुढं मिळाली, पण उशिरा. तोवर त्या वर्गातल्या दोघी घरी बसल्या होत्या.

या सभा साधारण नोव्हेंबरपासून पुढच्या काही आठवड्यांत होतात. तुमच्या गावची कधी आहे, ते पंचायतीत जाऊन विचारा. झालीच नसेल तर का झाली नाही, तेही विचारा. मराठी पोरांना मराठीत बोलू द्यावं आणि ती जे बोलतील ते तसंच्या तसं वहीत उतरावं, एवढी मागणी लेखी द्या. आणि स्वतः जा. मागं बसा, आणि पोरं बोलत असताना मधे बोलू नका.